टॅब घ्यावा की हायब्रिड? सांगलीत पैसे मोजण्याआधी करायची तयारी

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचे हिशेब मी बघते. हळदीचे सौदे सुरू झाले की तिथले दिवाणजी डाव्या हातात टॅब धरून उभे असतात. उजव्या हाताने पोत्यातलं हळकुंड उचलतात, मोडून आतला रंग बघतात आणि त्याच हाताच्या करंगळीने स्क्रीनवर पोत्यांचा आकडा टाकतात, कारण बाकीची बोटं पिवळी झालेली असतात. पाऊण-एक तास हे असं चालतं. दुपारी तेच दिवाणजी आत बसून टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीचे हिशेब, करतात, तेव्हा त्या टॅबला कुणी हात लावत नाही.

गेल्या दिवाळीत शेठनी मला विचारलं, "ताई, आता एकच काहीतरी चांगलं घेऊया. स्क्रीन सुटी होणारं मिळतंय म्हणे. टॅब पण तोच, कम्प्युटर पण तोच. घेऊन टाकू का?" त्याच महिन्यात मिरजेला मेडिकलला असलेल्या माझ्या भाचीचा फोन आला, "मावशी, टॅब घेऊ की टचचा लॅपटॉप?" आणि विट्याकडच्या एका कंत्राटदार दादांनीही जवळपास हेच विचारलं. तिघांना मी तीन वेगळी उत्तरं दिली. ती कशी काढली ते इथे पायरीपायरीने लिहिते, म्हणजे तुम्हाला तुमचं काढता येईल.

माझा नियम आधीच सांगून टाकते. टॅबवर होऊच शकत नाही अशा कामाला 'अडणारं काम' म्हणूया. असं एकही काम नसेल तर टॅब घ्या. असेल आणि ते रोज वेगवेगळ्या जागी जाऊन करावं लागत असेल, तर पूर्ण पैसे मोजून चांगला हायब्रिड घ्या. अडणारं काम आहे, पण ते एकाच टेबलावर होतं, तर त्या टेबलावर साधा कम्प्युटर ठेवा आणि हातात टॅब घ्या. पुढचं सगळं या तीन वाक्यांत तुम्ही कुठे बसता ते ठरवण्यासाठी आहे.

नावं नीट समजून घ्या

टॅब म्हणजे अँड्रॉइडवर किंवा आयपॅडओएसवर चालणारी पाटी. आयपॅड २०१० साली आला आणि तेव्हापासून या वस्तूचा मूळ स्वभाव बदललेला नाही: हलकी, पंखा नाही, बटण दाबलं की लगेच सुरू, आणि ॲप स्टोअरमध्ये जे मिळेल तेवढंच चालणार. तिला कीबोर्ड जोडला तरी ती टॅबच राहते. दुकानदार "लॅपटॉपसारखंच आहे" म्हणाला की हे वाक्य आठवा.

हायब्रिड म्हणजे पूर्ण विंडोज असलेला कम्प्युटर, जो टॅबसारखाही धरता येतो. यात दोन जाती आहेत. एकात स्क्रीन सुटी होते आणि कीबोर्ड कव्हरसारखा चिकटतो; मायक्रोसॉफ्टच्या सरफेसने २०१२ साली ही पद्धत लोकांपुढे आणली. दुसऱ्यात बिजागरी ३६० अंश फिरते आणि कीबोर्ड स्क्रीनच्या पाठीला जातो. लेनोव्होचा योगा, एचपीचे एक्स३६० हे त्या घरातले. पहिली जात हातात धरायला बरी, दुसरी मांडीवर ठेवून टाइप करायला बरी. सुटी होणारी स्क्रीन पाठीमागच्या टेकूवर उभी राहते, त्यामुळे एसटीच्या सीटवर ती मांडीवर डुगडुगते. प्रवासात काम करणाऱ्याने हे आधी बसून बघावं.

पहिली पायरी: सात दिवसांची वही

एक वही घ्या आणि सात दिवस, मोबाईलवर किंवा कम्प्युटरवर जे जे काम कराल ते लिहा. कामासमोर दोन गोष्टी लिहायच्या: ते करताना बसलात की उभे होतात, आणि कुठे होतात. एवढंच. "ईमेल, बसून, दुकानात." "पोत्यांची नोंद, उभा, फडीवर." "साइटचे फोटो पाठवले, उभा, पलूस."

सात दिवस कंटाळवाणे वाटतील, पण चौथ्या दिवसानंतर खरं चित्र दिसायला लागतं. शेठच्या वहीत उभ्याने केलेली कामं सगळी वाचायची, मोजायची किंवा दोन आकडे टाकायची निघाली. लांबलचक टायपिंग असलेलं एकही काम दुकानाच्या त्या टेबलाबाहेर झालेलं नव्हतं. हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

दुसरी पायरी: अडणारं काम शोधा

ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून इथे वेळ घालवा. वहीतलं एकेक काम घेऊन विचारा: हे टॅबवर खरंच होतं का, की "होत असेल" असं मला वाटतंय?

टॅली. टॅलीप्राइम हा विंडोजवर चालणारा प्रोग्राम आहे. रिपोर्ट दुरून बघायची सोय आहे, पण रोजच्या एंट्र्या टाकायला विंडोजच लागतं.

एक्सेल. टॅबवर एक्सेल आहे आणि साध्या तक्त्यांना पुरतं. पण मॅक्रो (फाइलीत भरून ठेवलेली आपोआप चालणारी कामं) असलेली फाइल टॅबवर उघडते, मॅक्रो मात्र चालत नाहीत. कुणीतरी बनवून दिलेली "बटण दाबलं की पट्टी तयार" अशी फाइल तुमच्याकडे असेल, तर ते बटण टॅबवर मुकं आहे. आणखी एक बारीक गोष्ट: १०.१ इंचांपेक्षा मोठ्या स्क्रीनवर मोबाईलचं वर्ड-एक्सेल वापरून फाइल बदलायची असेल तर मायक्रोसॉफ्टची वर्गणी लागते. आज बहुतेक टॅब ११ इंचांच्या आसपास आहेत, म्हणजे ही वर्गणी तुमच्या खर्चात धरायची.

जुन्या फाँटमधल्या मराठी फाइली. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये केलेली पत्रं, पतसंस्थेचे अहवाल, लग्नपत्रिकांचे मजकूर टॅबवर उघडले की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये केलेलं काम सगळीकडे नीट दिसतं. तुमच्या कपाटात जुन्या फाँटचा साठा मोठा असेल तर विंडोज सोडू नका.

ऑटोकॅड. बघायला आणि किरकोळ दुरुस्तीला टॅबवरचं ॲप पुरतं. नकाशा काढायचा असेल तर पूर्ण प्रोग्राम, म्हणजे विंडोज.

आणि डिजिटल सही. यूएसबी टोकनवर असलेली सही, ज्याला सगळे डोंगल म्हणतात, ती ई-निविदेला लागते आणि कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर जीएसटीच्या विवरणपत्रालाही लागते. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर जीएसटीचं काम ओटीपीवर भागतं, ते टॅबच्या ब्राउझरवरही होऊ शकतं. पण टोकन लागणारं काम टॅबवर होईल असं गृहीत धरू नका. टोकनला ड्रायव्हर, म्हणजे कम्प्युटरला ते ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, लागतो, सहीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ही सगळी दुनिया विंडोजभोवती उभी आहे.

याच टोकनने मला एकदा चांगलंच घाबरवलं. एका ग्राहकाच्या निविदेची मुदत संध्याकाळी संपणार होती. मी त्यांच्या नव्या कोऱ्या हायब्रिडवर बसले. विंडोज होतं, ब्राउझर होता, कागदपत्रं तयार होती. टोकन लावलं, वर दिवा लागला, आणि यादीत सहीच दिसेना. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकून बघितला, चढलाच नाही. अर्धा तास गेल्यावर खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि कळलं की आत इंटेल किंवा एएमडीची चिप नव्हती, एआरएम जातीची होती. शेवटी स्कूटर काढून माझ्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर येऊन निविदा भरली. सही झाली तेव्हा माझे हात थरथरत होते.

त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. एआरएम चिपवरचं विंडोज साधे जुने प्रोग्राम आतल्या आत भाषांतर करून चालवतं, त्यामुळे बहुतेक सगळं ठीक वाटतं. पण ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही. टोकन, जुना प्रिंटर, बारकोड यंत्र यांच्यासाठी त्याच चिपचा वेगळा ड्रायव्हर बनवलेला असावा लागतो. स्नॅपड्रॅगन चिपचे हायब्रिड या जातीत येतात. त्यांची बॅटरी खूप चालते आणि ते गरम कमी होतात, हे खरंच. कॉलेजच्या मुलांना ते छान आहेत. टोकन वापरणाऱ्याने मात्र घेण्याआधी स्वतःचं टोकन लावून, सही झालेली डोळ्यांनी बघावी. ते शक्य नसेल तर इंटेल किंवा एएमडीच घ्यावं.

अडणारं काम सापडलं तरी लगेच हायब्रिडकडे धावू नका. वहीत बघा, ते कुठे होतं? दुकानातल्या एका टेबलावरच होत असेल तर तो कम्प्युटर तिथेच राहू द्या. बाहेर असताना कधीतरी टॅली बघायची वेळ आलीच, तर टॅबवरून ऑफिसचा कम्प्युटर दुरून चालवता येतो. मायक्रोसॉफ्टची स्वतःची रिमोट डेस्कटॉपची सोय वापरायची तर ऑफिसच्या कम्प्युटरवर विंडोजची प्रो आवृत्ती हवी. होम आवृत्ती असेल तर क्रोम रिमोट डेस्कटॉपने काम भागतं. दहा मिनिटांच्या कामाला हे उत्तम, दिवसभराच्या कामाला नाही.

तिसरी पायरी: अर्धा किलो हळद आणि एक पुठ्ठा

वजनाचे आकडे वाचून काही कळत नाही, हातात धरून कळतं. सॅमसंगचा टॅब ए९ प्लस ४८० ग्रॅमचा आहे, दहाव्या पिढीचा आयपॅड ४७७ ग्रॅमचा. म्हणजे अर्धा किलो हळदीची पिशवी. २०२४ चा १३ इंची सरफेस प्रो कीबोर्डशिवाय ८९५ ग्रॅम भरतो. ३६० अंश फिरणारे १४ इंची हायब्रिड साधारण दीड किलोच्या घरात असतात.

घरात हे करून बघा. जाड पुठ्ठ्याचा २४ बाय १५ सेंटिमीटरचा तुकडा कापा, त्याच्या पाठीला अर्धा किलोची पिशवी चिकटपट्टीने बांधा आणि डाव्या हातात धरून वीस मिनिटं पेपर वाचल्यासारखं उभे राहा. मग तेच ३० बाय १९ च्या पुठ्ठ्यावर दीड किलो बांधून करा. दुसऱ्याला पाच मिनिटांतच हात छातीशी येतो आणि तुम्ही टेकायला जागा शोधता. जे उभ्याने काम करतात त्यांचा निर्णय बहुतेक वेळा इथेच होतो.

एक सावधगिरी: टॅबला ट्रॅकपॅडवाला कीबोर्ड आणि जाड कव्हर लावलं की वजन दुपटीच्या आसपास जाऊ शकतं. वजन करताना तुम्ही रोज जे सोबत नेणार ते सगळं धरा, चार्जरसकट.

तोच पुठ्ठा दुसऱ्या कामालाही येतो. त्यावर ए४ कागद ठेवा. ए४ ची रुंदी २१ सेंटिमीटर, आणि ११ इंची, १६:१० प्रमाणाच्या टॅबची उभी रुंदी १४.८. म्हणजे पान ७० टक्के आकाराचं दिसणार. बारा पॉइंटचं अक्षर साडेआठच्या आसपास येतं. विशीतल्या डोळ्यांना चालतं, पन्नाशीच्या दिवाणजींना चालत नाही, ते दर पानाला चिमटीने मोठं करत बसतात. १३ इंची, ३:२ प्रमाणाच्या स्क्रीनवर तेच पान ८७ टक्के दिसतं. दिवसभर सातबारा, पावत्या, पुस्तकांच्या पीडीएफ वाचणाऱ्याने इंचांआधी हे प्रमाण विचारावं. चित्रपटाला लांबुळकी स्क्रीन बरी, कागदाला चौकोनाकडे झुकणारी.

चौथी पायरी: पेनाने लिहिणार का?

नसाल तर ही पायरी सोडून द्या. माझ्या भाचीसाठी मात्र सगळा प्रश्न इथेच होता. ती शरीररचनेच्या पीडीएफवर शिरा निळ्याने आणि धमन्या लालने गिरवते, कडेला मराठी-इंग्रजी मिसळून टिपा लिहिते. तिच्या हातात दोन्ही देऊन बघितलं. हायब्रिड तिने टेबलावर आडवा ठेवला; टॅब उचलून पलंगावर भिंतीला टेकून बसली आणि गुडघ्यावर ठेवून लिहायला लागली. अभ्यास ती तशीच बसून करते, मी लहानपणापासून बघते आहे.

पेनाबाबत दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, हात स्क्रीनवर टेकवून लिहिता येतं का. बाजारात मिळणारी रबरी टोकाची शंभर-दोनशेची काडी म्हणजे फक्त बोटाची जागा घेणारी वस्तू, तिने अभ्यास होत नाही. दुसरी, पेन आणि यंत्राचं जमतं का. प्रत्येक पेनाची भाषा वेगळी असते. एका कंपनीच्या हायब्रिडचं पेन दुसरीच्या स्क्रीनवर चालेलच असं नाही. सॅमसंगच्या एस मालिकेच्या टॅबसोबत पेन खोक्यातच येतं आणि लिहिण्यासाठी त्याला चार्जिंग लागत नाही. ॲपलची पेन्सिल वेगळी घ्यावी लागते, आणि त्यातली यूएसबी-सी वाली स्वस्त पेन्सिल हाताचा दाब ओळखत नाही. टिपांना ते चालतं. चित्रं काढणाऱ्याला नाही. बऱ्याच हायब्रिडसोबत पेन येतच नाही.

पाचवी पायरी: मराठी टायपिंग

बोटाने किंवा बोलून मराठी लिहिणं टॅबवर सोपं आहे, कदाचित विंडोजपेक्षाही सोपं. पण जोडलेल्या कीबोर्डवरून मराठी हवं असेल तर दुकानात बसून "दुसऱ्या", "ज्ञानेश्वर", "वैशिष्ट्य" हे तीन शब्द टाइप करून बघा. बोटांना इनस्क्रिप्टची (भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीची) सवय असेल तर टॅबच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या कीबोर्डसाठी ती मांडणी आहे का, ते बघूनच पुढे जा. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आतच असतो, तो फक्त चालू करायचा. घरात कुणी राज्य परीक्षा परिषदेच्या टायपिंग परीक्षेची, मराठी ३० किंवा ४० ची तयारी करत असेल, तर टॅबच्या पातळ कव्हर-कीबोर्डवर सराव नको. चांगला कीबोर्ड आणि विंडोज हवं.

सहावी पायरी: आतले आकडे

टॅबसाठी ६ ते ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण. मेमरी कार्डाची खाच असेल तर फोटो आणि व्हिडिओ त्यावर जातात. आयपॅडला ही खाच नाही, म्हणून तिथे साठवण आधीच मोजून घ्या. 

हायब्रिडसाठी माझी अट कडक आहे: १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान जातीची साठवण. पातळ हायब्रिडमध्ये रॅम बहुतेक वेळा मदरबोर्डलाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आज ८ घेऊन "पुढे बघू" म्हणाल तर पुढे बघायला काही उरत नाही.

आणि आता ज्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे ते. ऑनलाइन सेलमध्ये ४ जीबी रॅम, ६४ किंवा १२८ जीबी ईएमएमसी (हळू, स्वस्त जातीची) साठवण असलेले स्वस्त हायब्रिड दिसतात. खोक्यावर विंडोज ११, टच, सुटा कीबोर्ड, सगळं लिहिलेलं असतं आणि त्यात खोटं काही नसतं, कारण विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण हीच आहे. पण ती अट यंत्र सुरू होण्यापुरती आहे. ईएमएमसीचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला ४०० एमबी. साधी एनव्हीएमई एसएसडीसुद्धा त्याच्या कितीतरी पट पुढे असते. पहिला महिना बरा जातो. मग एक मोठं अपडेट येतं, जागा भरते आणि ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की माणूस गोल फिरणाऱ्या ठिपक्यांकडे बघत बसतो. तासगावकडच्या एका कुटुंबाने मुलीच्या कॉलेजसाठी साठवलेल्या पैशातून असं यंत्र घेतलेलं मी बघितलं. तिचा प्रोजेक्ट त्यावर उघडायला चार मिनिटं लागत होती. तेवढ्याच पैशात तिला उत्तम टॅब किंवा बरा साधा लॅपटॉप आला असता. चांगल्या हायब्रिडइतके पैसे नसतील तर हायब्रिड हा विचारच सोडून द्या. मधला रस्ता इथे सगळ्यांत महाग पडतो.

सातवी पायरी: धूळ, ऊन आणि लाईट

जाहिरातीत न येणारी ही पायरी आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. शक्तिशाली हायब्रिडमध्ये बहुतेक वेळा पंखा असतो. तो बाहेरची हवा आत ओढतो. हळद पॉलिश होते त्या शेडशेजारी दोन वर्षं चाललेला एक लॅपटॉप दुरुस्तीला उघडला तेव्हा मी शेजारी उभी होते. पंख्याची पाती ओळखू येत नव्हती. सगळ्यावर लोकरीसारखा पिवळा थर बसला होता आणि उष्णता बाहेर टाकणारी जाळी त्याने पूर्ण बुजली होती. मशीन बंद पडत होतं ते यामुळे. टॅबला पंखा नसतो, वरून ओलसर कापडाने पुसला की झालं. हळद, पीठगिरणी, सिमेंट, लाकूड अशा धुळीत जाणाऱ्याने टॅब घ्यावा, किंवा पंखा नसलेला हायब्रिड शोधावा. दोन्ही नसेल तर दर सहा महिन्यांनी यंत्र उघडून साफ करून घ्यावं.

उन्हाचं म्हणाल तर ॲपल स्वतः सांगतं की आयपॅड ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या आसपास जातो. द्राक्षबागेत किंवा साइटवर भर दुपारी टॅब गरम होतो, स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो. तो बिघाड नसतो, स्वतःला वाचवणं असतं. सावलीत न्या, कव्हर काढा, दहा मिनिटांत पूर्ववत होतो. बंद गाडीत कुठलंच यंत्र ठेवू नका.

लाईटचा हिशेब सोपा आहे. टॅबची बॅटरी साधारण २७-२८ वॉट-तासांची. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास, त्यातले गळती जाऊन पन्नासच्या जवळपास पोचतात. टॅब दीड-पावणेदोन वेळा भरतो. ५०-६० वॉट-तासांचा हायब्रिड एकदाही पूर्ण भरत नाही, शिवाय त्याला ४५ किंवा ६५ वॉट देणारी यूएसबी-सीची पॉवर बँक लागते, साधी चालत नाही.

आठवी पायरी: खरी किंमत काढा

कागदावर यंत्राची किंमत लिहा आणि त्याखाली कीबोर्ड, पेन, कव्हर, काच, चार्जर (काही खोक्यांत तो येत नाही), वर्डची वर्गणी. सरफेसच्या किमतीत कीबोर्ड सहसा नसतो, हे पुष्कळांना बिल करताना कळतं. टॅब आणि लॅपटॉप दोन्हींवर जीएसटी १८ टक्के आहे. तुमची नोंदणी असेल आणि वापर करपात्र धंद्यासाठी असेल, तर बिलावर स्वतःचा पंधरा अंकी जीएसटी क्रमांक घालून घ्या, म्हणजे त्या कराची वजावट मिळते. हे बिल करतानाच सांगायचं. नंतर बिल बदलून देताना दुकानदार कुरकुर करतात.

जुना कम्प्युटर टेबलावर ठेवून सोबत टॅब घेण्याचं ठरत असेल तर त्याचं वयही बघा. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची चिप असेल तर बहुतेक वेळा विंडोज ११ चढतं. त्याआधीची असेल तर कम्प्युटर बदलायचे पैसेही याच कागदावर लिहा.

दुकानात गेल्यावर

सकाळी गर्दी नसताना जा. सोबत पेनड्राइव्हवर तुमच्याच फाइली न्या: एक मोठी पीडीएफ, रोजची एक्सेल, एक मराठी पत्र. डोंगल असेल तर ते. यंत्र हातात घेऊन दुकानाच्या दारात, उन्हाच्या कडेला उभे राहा आणि स्क्रीन वाचता येते का बघा. आतल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन सुंदर दिसतात. विचारायचे प्रश्न दोनच. सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत मिळणार? आणि स्क्रीन फुटली तर यंत्र सांगलीतच देता येईल, कोल्हापूरला न्यावं लागेल की पुण्याला पाठवायचं? हायब्रिडची टच स्क्रीन चिकटवलेली असते, दुरुस्ती महाग आणि वेळखाऊ. पंधरा दिवस यंत्राशिवाय तुमचं चालेल का, हे तिथेच उभं राहून ठरवा.

तिघांचं काय झालं ते सांगते. शेठनी हायब्रिड घेतला नाही. टेबलावरचा कम्प्युटर बदलला आणि दिवाणजींसाठी नवा ११ इंची टॅब घेतला, मागे पट्टा असलेल्या कव्हरसह, म्हणजे हात घामेजला तरी सुटत नाही. भाचीने पेन सोबत येणारा टॅब घेतला. कॉलेजात लागलाच तर लायब्ररीतला कम्प्युटर आहे. कंत्राटदार दादांना मात्र मी हायब्रिडच घ्यायला लावला. सकाळी साइटवर नकाशा उघडून त्यावर पेनाने खुणा, दुपारी गाडीत बसून अंदाजपत्रक, संध्याकाळी निविदेवर सही. साइटवरच्या खुणा टॅबवरही भागल्या असत्या, पण अंदाजपत्रक आणि सही ही अडणारी कामं, आणि तीही वेगवेगळ्या जागी. ३६० अंश फिरणारा, इंटेल चिपचा, १६ जीबीचा घेतला. डोंगल दुकानातच लावून बघितलं.

पहिल्याच संध्याकाळी

यंत्र घरी आलं की आधी सगळे अपडेट होऊ द्या. टॅबवर 'फाइंड माय'सारखी शोधायची सोय चालू करा, आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग असेल तर तीही, कारण दुकानात तो दिवसभर चार्जिंगला लावलेला असतो. हिशेबाच्या फाइलींची एक प्रत इमारतीबाहेर, म्हणजे क्लाउडवर जाते ना ते तपासा. २०१९ च्या पुरात गणपती पेठेतल्या माझ्या एका ग्राहकाचा कम्प्युटर पाण्याखाली गेला. प्रत घेतलेली हार्डडिस्क त्याच टेबलाच्या खणात होती.

हायब्रिड असेल तर आणखी एक काम, जे मी स्वतः बसून करून घेते. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरलं की बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे कधी मदरबोर्ड बदलला किंवा मोठं अपडेट अडखळलं की यंत्र ४८ अंकी किल्ली मागतं, आणि ती नसेल तर आतलं काहीच परत मिळत नाही. खात्यात जाऊन ती किल्ली शोधा, कागदावर लिहा, दुसऱ्याला वाचायला सांगून एकेक अंक पडताळा. दादांची किल्ली मी वाचली आणि वहिनींनी लिहिली, सहा-सहा अंकांच्या आठ ओळींत. तो कागद त्यांच्या जमिनीच्या कागदांच्या फाइलीत लावलेला आहे.